शिकवणाऱ्या बायांचा रकाना

हजेरीपत्रकाच्या त्या कागदाचा फोटो अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे. समुद्रकाठच्या उत्तन गावातल्या कोळीवाड्यातल्या बायांची नावं आमच्या बायांच्या नावांखाली ओळीनं लिहिली आहेत आणि वर मथळा आहे, ‘प्रशिक्षणार्थी’. ज्यांच्या अंगणात आम्ही शिकायला गेलो, ज्यांनी मासळी हातात देऊन आम्हाला शिकवलं, त्या कागदावर शिकाऊ ठरल्या. ‘मार्गदर्शक’ या रकान्यात एकच नाव आहे. तासभर भाषण करून जेवणाआधी परत गेलेल्या पाहुण्यांचं.

मी छत्रपती संभाजीनगरला राहते, पैठण तालुक्यातल्या बचत गटांचं काम बघते. जायकवाडीचं पाणी आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, त्या पाण्यावर जगणारी माणसं कमी जणांना ठाऊक आहेत. १९७६ पासून नाथसागर भरला आणि काठच्या भोई, कहार, कोळी कुटुंबांचा संसार त्या धरणावर उभा राहिला. पुरुष जाळं टाकतात. रोहू, कटला व्यापाऱ्याकडे जातो. बारीक चिलापीला भाव नसतो, ती घरी येते आणि बाया ती चिरून, मीठ लावून, पत्र्यावर वाळवतात. आमच्या गटांनी ठरवलं की ही चिलापी नीट पाकीटबंद करून शहरात विकायची. दोन महिन्यांत माल परत येऊ लागला. वास यायचा, काहींवर तांबूस डाग पडायचे. म्हणून उत्तनला अभ्यास दौरा निघाला.

आमच्या आठवडी बाजारात सुका बोंबील आणि सुकट पिढ्यान्‌पिढ्या विकली जाते. भाकरीबरोबर बोंबलाची चटणी माझी आजीही करायची. पण तो बोंबील कोण वाळवतं, हे आमच्यापैकी एकीनंही कधी विचारलं नव्हतं. उत्तनला बस थांबली आणि समोर बांबूंवर ताणलेल्या दोऱ्यांच्या वलांडी दिसल्या तेव्हा बाया एकदम गप्प झाल्या. दोन-दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून ते दोरीवर टांगलेले, ओळींमागून ओळी. मीठ नाही, काही नाही. नुसतं ऊन आणि समुद्राचा वारा.

आमच्या गटात दोघी माळकरी आहेत. स्वतः मासळी खात नाहीत, पण घरचा धंदा म्हणून वाळवतात. आम्हाला शिकवणाऱ्या उत्तनच्या मावशी ख्रिस्ती कोळी. जेवायला बसताना मावशींनी त्या दोघींसाठी वेगळ्या चुलीवर वरणभात केला होता. कुणी सांगितलं नव्हतं. बसमधून उतरताना एकीच्या गळ्यातली माळ त्यांनी पाहिली, एवढंच.

आता मला ज्या घटनेबद्दल लिहायचं आहे ती सकाळची. मांडवाखाली त्या पाहुण्यांचं भाषण चालू होतं. मासळीतलं पाण्याचं प्रमाण, स्वच्छता, प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना, त्यात महिलांना ६० टक्के अनुदान. सगळं खरं, सगळं उपयोगाचं. पण आमच्या बायांनी वाळवलेली चिलापी पिशवीत घालून आणली होती आणि ती कुणाला दाखवायची हा प्रश्न होता. पाहुण्यांनी एक मासा लांबून पाहिला आणि म्हणाले, ‘आणखी कडक उन्हात ठेवा, तापमान वाढवा.’

तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या मावशींनी हात पुढे केला. त्या बोंबील टांगायचं काम सोडून आल्या होत्या. बोंबील पाण्यानं भरलेला मासा, होडी आली की लगेच टांगावा लागतो, थांबला की पिचतो. त्यांनी आमची चिलापी घेतली, डोक्यामागच्या जाड भागावर अंगठा दाबला, मग मासा मोडला आणि आतून नाकाला लावला. म्हणाल्या, ‘वरून वाळला, आतून कच्चा. तुमचं ऊन फार कडक. ऊन साल बांधतं, मग आतलं पाणी कुठून जाईल?’

माझ्या अंगावर काटा आला. बरोबर हेच होत होतं. एप्रिलमध्ये पैठणला पारा चाळिशीच्या पुढे जातो, त्यात पत्रा तापलेला. वरची कातडी तासाभरात कडक व्हायची, आतला ओलावा कोंडायचा आणि पाकिटात गेल्यावर मासा आतून सडायचा. कडक उन्हानं काम बिघडत होतं आणि आम्हाला आणखी कडक ऊन सांगितलं गेलं होतं.

मावशींनी तिथेच बसून चिलापी पाठीकडून चिरून दाखवली. कल्ले आणि आतडी काढायची, पोटातली काळी पातळ कातडी घासून काढायची, स्वच्छ पाण्यात धुवायची. चार किलो मासळीला एक किलो मीठ. मीठ कोणतं वापरता, हेही विचारलं. आम्ही सुटं खडेमीठ वापरत होतो. तांबूस डाग त्यातूनच येतात, कारण त्यात मिठातही जगणारे जंतू असतात. मीठ चांगलं घ्या, भांडी धुऊन वाळवून घ्या, म्हणाल्या. आणि पत्रा सोडा, जमिनीपासून वर जाळी बांधा म्हणजे खालूनही वारा लागेल. दुपारी हिरवी जाळी टाकून सावली करा. सकाळचं आणि चारनंतरचं ऊन तुमचं.

हे सगळं सांगेपर्यंत दुपार झाली. त्यांच्या मागे टोपल्यांत बोंबील पडून होता. त्यांची सून दोनदा येऊन बघून गेली. शेवटच्या टोपलीतला माल मऊ पडला, तो त्यांनी बाजूला काढला. तेवढं त्यांचं नुकसान. त्याची नोंद कोण करणार?

संध्याकाळी कागद फिरले. मार्गदर्शकांचं मानधन मंजूर होतं. मावशींचं आणि त्यांच्या गटातल्या इतर बायांचं नाव कुठे घालायचं, याची चर्चा झाली आणि त्यांच्या सह्या आमच्याच यादीत घेतल्या गेल्या. मी विचारलं तेव्हा कळलं की मानधन तज्ज्ञाला मिळतं आणि तज्ज्ञाच्या नावापुढे शैक्षणिक पात्रता लिहावी लागते. मावशी चौथीपर्यंत शिकलेल्या. म्हणजे ज्या बाईनं आमचा धंदा वाचवला, तिचा त्या दिवसाचा रोज शून्य. वर तिची सही घेऊन ‘इतक्या महिलांना प्रशिक्षण दिलं’ हा आकडा वाढवला गेला. तिच्याच अंगणात तिला प्रशिक्षित केल्याचं सरकारदरबारी नोंदलं गेलं. मला याचा राग तेव्हाही आला आणि आज लिहितानाही येतो.

हा एका दिवसाचा किंवा एका अधिकाऱ्याचा प्रश्न नाही. बायांनी होडी चालवली नाही म्हणून त्या मच्छीमार नाहीत, हा समज सगळीकडे खोल रुजलेला आहे. मावशींनीच सांगितलं, डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळ आलं तेव्हा वलांडीवरची मासळी भिजून कुजली. नुकसानभरपाईच्या निकषांत होड्या असतात, जाळी असतात. दोरीवर टांगलेला बोंबील नसतो. एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारनं मत्स्यव्यवसायाला शेतीसारखा दर्जा दिला. चांगलं झालं. पण शेतात राबणाऱ्या बाईच्या नावावर सातबारा नसतो, हे मराठवाड्यात आम्ही रोज बघतो. तसंच इथे होऊ नये.

दौऱ्यानंतर मी ठरवलं की शिकवणाऱ्या बायांना पैसे मिळालेच पाहिजेत. मग मावशींना पैठणला बोलवायचा प्रस्ताव आम्ही दिला. तो परत आला. संभाजीनगरला समुद्र नाही, तिथे जाऊन कोळणी काय शिकणार, असं उत्तर मिळालं. शेवटी गटांनी वर्गणी काढली आणि मावशी, त्यांची सून आणि त्यांच्या गटातल्या आणखी दोघी मासेमारी बंदीच्या काळात आल्या.

त्यांनी आमच्याकडे सौर वाळवणयंत्रं पाहिली. आमच्या जिल्ह्यात बाया त्यावर कांदा आणि भाजी वाळवतात. ज्या कंपनीचं हे काम, त्या एसफोरएस टेक्नॉलॉजीजला २०२३ मध्ये अर्थशॉट पुरस्कार मिळाला. मावशी यंत्राची जाळी बोटांनी चाचपत बराच वेळ उभ्या होत्या. अवकाळी पाऊस आला की जवळा आणि सोडे यात घालता येतील, बोंबलाला मात्र वाराच हवा, म्हणाल्या. मग आठवडी बाजारात गेलो. सुक्या बोंबलाचा भाव त्यांनी विचारला आणि त्या खाली बसल्याच. त्यांच्या दारात मिळतो त्याच्या कितीतरी पट. मधली साखळी त्यांनी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. समुद्र नसलेल्या गावात त्या काय शिकणार, याचं उत्तर तिथेच मिळालं.

निघताना मी त्यांना पाकीट दिलं, शिकवण्याचं मानधन म्हणून. त्यांनी घेतलं नाही. म्हणाल्या, ‘पोरी, त्या दिवशी मला पैसे ठरले असते तर मी घड्याळ बघितलं असतं. आणि तूसुद्धा सही घेऊन निघून गेली असतीस.’

मला ते पटलं. मला उत्तनची ती दुपार आठवली, आणि मोबदला ठरवून असं शिकणं होत नाही असं वाटलं. पण मग सुनेकडे बघितलं. ती काही बोलली नाही. टोपलीतला मऊ पडलेला बोंबील तिनं बघितला होता. मावशींचं मन मोठं आहे म्हणून त्यांचा रोज बुडवायचा, हे मला आजही मान्य नाही. दोन्ही गोष्टी मला खऱ्या वाटतात आणि मी त्यांतली एक सोडू शकत नाही.

म्हणून दौऱ्यांची अंदाजपत्रकं करणाऱ्यांना एवढंच मागणं आहे. यजमान बायांचा दिवसाचा रोज आणि त्यांच्या परतभेटीचं भाडं दौरा ठरतानाच धरा, शिक्षणाची अट न घालता. माल टांगायच्या वेळी त्यांना मांडवात बसवू नका. १ जून ते ३१ जुलै किनाऱ्यावर यांत्रिक होड्या बंद असतात, तेव्हा त्यांना आमच्याकडे पाठवा. उतरायची सोय पैठणच्या गटांच्या घरी आहे. आणि ज्यांना सुका बोंबील थेट कोळीवाड्यातून घ्यायचा असेल, त्या मराठवाड्यातल्या बचत गटांनी आमच्याशी बोलावं. आम्ही एकत्र माल मागवायला सुरुवात केली आहे.