संहितेवर नाव नसताना

१९६०च्या दशकाच्या अखेरीस ‘फ्रॉस्ट ऑन संडे’ या ब्रिटिश दूरचित्रवाणी कार्यक्रमाकडे जेरल्ड वायली नावाच्या कुणा लेखकाची प्रहसनं येऊ लागली. हा गृहस्थ कुणाला भेटत नसे. सगळा व्यवहार एजंटामार्फत. लेखन मात्र नेटकं आणि चपखल. हा आहे तरी कोण, यावर तर्क लढवले जाऊ लागले. टॉम स्टॉपार्डसारख्या नाटककारावरही संशय गेला. कार्यक्रमातला नट रॉनी कॉर्बेट याने तर आभार म्हणून वायलीला आद्याक्षरं कोरलेले काचेचे पेले भेट दिले. शेवटी वायलीनेच सगळ्या मंडळींना एका चिनी रेस्टॉरंटमध्ये जेवायला बोलावलं. तिथे कॉर्बेटचा सहकलाकार रॉनी बार्कर उठून उभा राहिला आणि त्याने सांगितलं, की वायली मीच. आधी कुणाचा विश्वासच बसेना.

बार्कर काही तेव्हा नवखा नव्हता. १९२९ साली बेडफर्डला जन्म, बालपण ऑक्सफर्डमध्ये, काही काळ बँकेत नोकरी आणि १९४८ पासून एल्सबरीच्या रंगभूमीवर उमेदवारी. १९६६च्या ‘फ्रॉस्ट रिपोर्ट’नंतर तो घराघरांत पोचला होता. त्याने स्वतःच्या नावानिशी प्रहसन पुढे केलं असतं, तर नाही म्हणायची कुणाची छाती झाली नसती. त्याला नेमकं तेच नको होतं. लेखन चांगलं असेल तर घ्या, नसेल तर परत करा, एवढीच त्याची अपेक्षा होती.

मी एकांकिका-लेखन स्पर्धेच्या संहिता वाचतो. पहिल्या पानावर नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. अशा वेळी वाचन बदलतं. ओळखीचा लेखक असता तर ज्या संवादाला आपण मुद्दाम केलेली गंमत म्हणून सोडून दिलं असतं, तो नुसता ढिला वाटतो. लिहिणाऱ्याला अशा वाचकाची भीती वाटते. बार्करने तो वाचक आपणहून शोधला, म्हणून मला तो मोठा वाटतो.

पुढे ‘द टू रॉनीज’ (१९७१–१९८७) या कार्यक्रमातही वायली लिहीत राहिला. १९७६ साली प्रसारित झालेलं हार्डवेअरच्या दुकानातलं प्रहसन त्याचंच. बार्कर गिऱ्हाईक, कॉर्बेट दुकानदार. ‘फोर कँडल्स’ ऐकून दुकानदार चार मेणबत्त्या काढून ठेवतो. गिऱ्हाइकाला हवे असतात ‘फोर्क हँडल्स’, म्हणजे बागकामाच्या फोर्कचे दांडे. मग ते ‘ओ’ मागतं. आधी एक अवजार येतं, मग पाण्याची नळी, मग बायकांचे मोजे. हवी असतात फाटकावर लावायची अक्षरं. दुकानदाराचा पारा चढत जातो आणि बार्कर मख्ख उभा. आपण काही गमतीचं बोलतोय, याचा त्याच्या चेहऱ्यावर मागमूस नाही. वाक्यं रोजच्या खरेदीची. सगळं हसू त्यांच्या बांधणीत. हे प्रहसन ब्रिटिशांच्या मनात इतकं रुजलं, की २००६ साली वेस्टमिन्स्टर ॲबीत बार्करची स्मृतिसभा झाली, तेव्हा मिरवणुकीत दोनऐवजी चार मेणबत्त्या नेल्या गेल्या.

‘द टू रॉनीज’मध्येच कॉर्बेट खुर्चीत बसून थेट प्रेक्षकांशी गप्पा मारायचा. बार्करला ते मानवत नसे. रॉनी बार्कर म्हणून चार शब्द बोलायचे म्हटले की तो अवघडायचा. पात्राचा अंगरखा चढवला की खुलायचा. ‘पॉरिज’मधला मुरलेला कैदी फ्लेचर काय किंवा ‘ओपन ऑल अवर्स’मधला तोतरा, चिक्कू वाणी आर्कराइट काय, दोघांत बार्कर शोधूनही सापडत नाही. विशेष म्हणजे या दोन्ही मालिका दुसऱ्यांनी लिहिलेल्या: पहिली डिक क्लेमंट आणि इयन ला फ्रेने यांनी, दुसरी रॉय क्लार्क यांनी. स्वतः पट्टीचा लेखक असून दुसऱ्याच्या शब्दांत विरघळून जायला त्याला कमीपणा वाटला नाही.

१९८७च्या अखेरीस, वयाच्या ५८व्या वर्षी, तो निवृत्त झाला. लोकप्रियता ओसरली नव्हती. नवं सुचेनासं झालंय, एवढं त्याचं त्याला कळलं होतं. चिपिंग नॉर्टन या गावात त्याने जुन्या वस्तूंचं दुकान थाटलं. पुढे एकदोन भूमिका केल्या, पण त्या पुष्कळ वर्षांनी. नुसत्या नावावर आणखी दहा वर्षं सहज निघाली असती. निवृत्तीच्या वेळीही त्याने नाव बाजूला ठेवून उरलेलं काम पारखलं, असंच मी मानतो.

माणूस प्रसिद्ध झाला, की त्याची परीक्षा घेणारे आजूबाजूला उरत नाहीत. ती ज्याची त्यालाच घ्यावी लागते. बार्करने ती दोनदा दिली: एकदा नाव झाकून, एकदा नाव भरात असताना थांबून. हसवणाऱ्याला हलकं लेखण्याची खोड जुनी आहे. पण कामाशी इतकं कडक इमान राखणारे गंभीर लेखकही मला फार थोडे भेटलेत.