काहीच न घडलेली ट्रिप

नाशिकच्या सातपूरमधल्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं क्वालिटी इन्स्पेक्शनला होतो. तिथं नग मोजण्याआधी मोजणाऱ्याची परीक्षा व्हायची. मायक्रोमीटर ठरावीक मुदतीनं कॅलिब्रेशनला जाऊन यायचा, डबीवर तारखेचं स्टिकर असायचं, आणि मुदत टळलेल्या उपकरणानं घेतलेलं माप रजिस्टरात चढत नसे. शिवाय गेज आर अँड आर नावाची चाचणी असे. तेच दहा नग तीन माणसांनी पुन्हा पुन्हा मोजायचे, हातात कितवा नग आहे ते त्यांना कळू द्यायचं नाही, आणि आकड्यांतला फरक नगामुळे पडतोय की मोजणाऱ्यामुळे, ते काढायचं. मोजण्यातला फरक १० टक्क्यांच्या आत असला तर पद्धत चांगली. ३० च्या वर गेला तर पद्धतच बाद. नगाला कोणी बोल लावायचा नाही.

कारखाना सुटला, कर्जानं गाडी घेतली, टॅक्सीचा परवाना काढला आणि ॲपवर चालवू लागलो. थोड्याच दिवसांत स्क्रीनवर माझ्या नावापुढे रेटिंग दिसायला लागलं. तेव्हापासून मनात एकच प्रश्न आहे: हे माप कोणत्या गेजनं घेतलंय?

गणित आधी सांगतो, कारण नव्या चालकाची झोप तिथंच उडते. उबरच्या पद्धतीत शेवटच्या ५०० रेटिंगची सरासरी धरतात. पाचशेपैकी एकानं एक स्टार दिला आणि बाकी सगळ्यांनी पाच, तर सरासरी ४.९९ राहते, काही बिघडत नाही. पण नव्या माणसाच्या खात्यात दहाच रेटिंग असली आणि त्यात एक जण एक स्टार देऊन गेला, की सरासरी येते ४.६ वर. शाळेत हे ९२ टक्के झाले, घरात पेढे येतील. या धंद्यात ४.६ दिसलं की माणूस धास्तावतो, कारण इथं पाच म्हणजे ‘ठीक’ आणि चार म्हणजे जवळपास तक्रार. हे प्रवाशाला मात्र कोणी समजावून सांगितलेलं नसतं. दहापैकी दहा गुण आयुष्यात कोणाला न दिलेले गुरुजी आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. गंगापूर रोडला उतरताना त्यांनी चार स्टार दिले, तर त्यांच्या लेखी ती शाबासकीच असते.

आकड्यापेक्षा वाईट गोष्ट पुढं होते. रेटिंग खाली आलेलं दिसतं, पण कोणी आणलं ते कळत नाही. मग दिवसभराची माणसं मनात उभी राहतात. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस गाठायची म्हणून सारखं घड्याळ बघणारा, नाशिकरोड स्टेशनवर पैसे देताना न बोललेला तो गृहस्थ? कॉलेज रोडची ती मुलगी, जिला “ताई, एसी वाढवू का?” विचारलं तर नुसती मान हलवली? की त्र्यंबकेश्वरहून आणलेल्या आजी, ज्यांनी “बाळा, सावकाश ने हं” म्हणून सगळ्या रस्त्यानं नातवाच्या गोष्टी सांगितल्या आणि ज्यांच्या मुलाच्या मोबाईलवरून गाडी बुक झाली होती? यांतल्या कोणी काही केलेलंही नसेल. तरी पुढच्या वेळी कोणी दार उघडून बसलं की मी आरशात त्याचा चेहरा वाचायला लागतो. शहरातल्या माणसांवर असा संशय घ्यायची मला सवय नव्हती. एका निनावी आकड्यानं ती लागते, याचं मला सगळ्यांत जास्त वाईट वाटतं.

पावसाळ्यातली एक ट्रिप सांगतो. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला होता, गोदाघाटावर पाणी चढत होतं. घाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती कमरेपर्यंत बुडाली की छातीपर्यंत, हे नाशिककर एकमेकांना फोन करून विचारतात, तसला तो दिवस. प्रवासी पंचवटीत, आणि त्याचा पिन पडलेला नदीच्या अलीकडे, भांडीबाजारात. मी फोन केला, “दादा, नक्की कुठं उभे आहात?” ते म्हणाले, “मॅपवर दिसतंय ना.” नदीकाठचे रस्ते पोलिसांनी अडवलेले, त्यामुळे लांबून वळसा घालून, पुलावरच्या गर्दीतून पोचायला बराच वेळ गेला. गृहस्थ भिजले होते, चिडलेही होते, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही चिडलो असतो. रेटिंग उतरलं. पण ते कशाचं माप होतं? धरणाच्या विसर्गाचं, चुकलेल्या पिनचं की माझ्या चालवण्याचं? तिन्हींचा मिळून एक स्टार आला आणि तो लागला माझ्या नावावर.

याच्या उलटही होतं, आणि माझ्या मते खरी मेख तिथं आहे. एका रात्री ड्यूटी संपवून सिडकोकडे निघालेल्या एक परिचारिका गाडीत होत्या. अंबडला गरवारे पॉइंटजवळ सर्व्हिस रोडनं जात होतो. पुढं उभ्या ट्रकमागून रस्त्यावर उजेडाचा एक पट्टा हलला. एवढ्यावरून मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, गाडी डावीकडे घेतली, आणि ट्रकमागून उलट्या दिशेनं तिघांना घेऊन मोटारसायकल आली ती शेजारून निघून गेली. ब्रेक करकचला नाही, हॉर्न वाजला नाही. ताईंनी मोबाईलवरून नजरही उचलली नाही, आणि उचलावी लागली नाही हेच माझं काम. चालकाचं उत्तम काम म्हणजे काहीच न घडलेली ट्रिप. न घडलेल्या गोष्टीला स्टार कसा द्यायचा? प्रवासी दिसेल त्यालाच गुण देणार: सीटचं कव्हर, गाण्याचा आवाज, चालकाचं हसणं.

माझे चुलते एसटीत चालक होते. तिथं २५ वर्षं विनाअपघात सेवा केली की सत्कार होतो, छातीवर बिल्ला लागतो. म्हणजे न घडलेल्या अपघातांची मोजदाद करायची रीत आपल्याकडे होती आणि आहे. एसटीत तक्रार पुस्तकही असतं. पण त्यात तक्रार करणारा आपलं नाव-गाव लिहितो, काय झालं ते लिहितो, आणि मग कर्मचाऱ्याचं म्हणणं घेतलं जातं.

नाव झाकलेल्या स्टारमध्ये आणखीही काही झाकलं जातं. गाडी बुक होताच प्रवाशाला चालकाचं नाव आणि फोटो दिसतो. आपल्या समाजात नावावरून काय काय ताडलं जातं, हे सांगायला नको. माझ्याइतकीच, कदाचित माझ्याहून सफाईनं गाडी चालवणारा जुन्या नाशकातला एखादा मुसलमान चालक नुसत्या नावापायी एक स्टार गमावत असेल, तर ते उघडकीला येणार कसं? संशोधक ॲलेक्स रोझेनब्लॅट आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या उबरबद्दल हाच मुद्दा मांडला होता. कंपनीला स्वतःला जो भेदभाव कायद्यानं करता येत नाही, तो ग्राहकांच्या रेटिंगमधून आत शिरू शकतो. मला हा मुद्दा शंभर टक्के पटतो.

आणि रेटिंग आता फक्त ॲपपुरतं राहिलेलं नाही. केंद्र सरकारच्या जुलै २०२५ च्या ॲग्रिगेटर, म्हणजे ॲपवरून गाड्या पुरवणाऱ्या कंपन्यांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत सर्वांत कमी रेटिंगच्या चालकांना दर तीन महिन्यांनी उजळणी प्रशिक्षण सांगितलं आहे. प्रशिक्षणाला माझी ना नाही. पण स्टार सरकारी कागदावर चढला, तर त्याचं कॅलिब्रेशन कोणी करायचं हेही त्याच कागदावर हवं. अशी सुरुवात काही ठिकाणी झालीही आहे. एप्रिल २०२३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या अपील न्यायालयानं उबर आणि ओलाच्या चालकांच्या बाजूनं कौल दिला, की यंत्रानं घेतलेल्या निर्णयांमागची माहिती त्यांना मिळाली पाहिजे. कर्नाटकानं २०२५ च्या कायद्यात गिग कामगाराला काढण्याआधी १४ दिवसांची नोटीस आणि लेखी कारण बंधनकारक केलं.

स्टारचं कॅलिब्रेशन होईल तेव्हा होईल, तोवर मी माझ्यापुरती वही घातली आहे, जुन्या इन्स्पेक्शन शीटसारखे रकाने आखून. निघण्याआधी फोन केला का, “द्वारकेवरून घेऊ की मुंबई नाक्यावरून?” विचारलं का, ब्रेक कचकन लावावा लागला का, उतरताना मागची सीट बघितली का. ॲपमधलं रेटिंग रविवारीच उघडतो. आठवड्यात ते उतरलेलं असलं तर वही काढतो. रकान्यात काही सापडलं तर त्यावर काम करतो. नाही सापडलं, तर आता झोप लागते.

२०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नाशिकला सिंहस्थ कुंभमेळ्याची मुख्य स्नानं आहेत. माझ्यासारखे कितीतरी नवे चालक तोवर रस्त्यावर आलेले असतील. २०१५ प्रमाणे गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळावर थांबवल्या, तर परगावच्या वृद्ध माणसांना आम्हाला रामकुंडापासून लांब उतरवावं लागेल. ती थकलेली माणसं तिथंच उभी राहून स्टार देतील आणि आपल्या गावी जातील. त्याआधी कंपन्यांनी एवढं करावं: तीनच्या खाली स्टार देणाऱ्याला कारण निवडायला लावावं, त्यात ‘रस्ता बंद होता’ हा पर्याय असावा, तो निवडला तर स्टार सरासरीत धरू नये, आणि उरलेल्या कारणांवर चालकाला दोन ओळी लिहायला जागा द्यावी.