मीठ खालून जेवतंय!

रविवार सकाळ म्हणजे आमच्या बाबांचा गाडी धुण्याचा मुहूर्त. गोणपाट पसरायचं, त्यावर आडवं व्हायचं आणि पाइपनं गाडीचं पोट धुवायचं. आम्ही भावंडं गॅलरीतून फुल टू हसायचो. खालची बाजू कोण बघतंय, यार?

२००८ ची ही गाडी दोन वर्षांपूर्वी बाबांनी मला दिली. मी काय केलं? गँग गोळा केली आणि थेट दिवेआगर गाठलं. फोटोसाठी गाडी ओल्या वाळूत घातली, लाटेत उभी केली. घरी आल्यावर बॉनेट चकाचक पुसलं. पावसाळ्याआधी अंडरकोटिंगही मारून घेतलं. झाला मेन्टेनन्स!

गेल्या जुलैत टायर पंक्चर झाला. भर पावसात जॅक लावला, तर गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच पत्र्यात घुसला. नशीब, हात चाकाखाली नव्हता.

गॅरेजवाल्या काकांनी गाडी लिफ्टवर घेतली, कोटिंगला स्क्रूड्रायव्हरनं टोचलं. आत नुसता लाल भुगा. ‘‘ताई, वरून कितीही पुसा, मीठ खालून जेवतंय,’’ काका म्हणाले.

मग फंडा क्लिअर झाला. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून लोखंड झपाट्यानं गंजतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे वरचा रंग फुगून सुटतो. आणि मिठावर, गंजावर थेट कोटिंग मारलं की ओल आत कोंडते. बाहेरून सगळं काळं कुळकुळीत, आत पोखरणं चालूच! दाराखालच्या पत्र्यात पाणी निथळायला भोकं असतात, तीही माझ्या कोटिंगनं बुजली होती.

तेव्हा मंडळी, किनाऱ्यावरून आलात की लगेच गोड्या पाण्यानं गाडी खालून धुवा, मडगार्डच्या आतूनही. पूर्ण वाळू द्या. गंज दिसला तर तारेच्या ब्रशनं खरवडा, प्रायमर मारा, मगच कोटिंग. ब्रेक आणि सायलेन्सरवर ते नको. भोकं मोकळी ठेवा. पत्राच सडला असेल, तर मात्र वेल्डिंगला पर्याय नाही.

माझ्या गाडीचा पत्रा कापून नवा बसवला. बाबांना सांगताना जाम धाकधूक होती. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, ‘‘तुला कुठं लागलं नाही ना?’’

गेल्या रविवारी मी गोणपाट पसरलं. गॅलरीत बाबा हसत उभे होते.