थोरातांचा कागद

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा.

हल्ली एखादा निवृत्त लष्करी अधिकारी सरकारबद्दल काही बोलला, की आपल्या ग्रुपवर लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, फौजेतल्या माणसानं तोंड बंद ठेवावं, देश कसा चालवायचा ते सरकार बघेल. दुसरा म्हणतो, पुढाऱ्यांना यातलं काय कळतंय, सगळं फौजेवर सोपवा. मला हे दोन्ही पटत नाही. का पटत नाही, ते सांगायला आपल्या कोल्हापूरच्याच एका माणसाची हकीकत पुरेशी आहे. लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात. इंग्रजीत एस. पी. पी. थोरात.

जन्म १९०६ चा. इंग्लंडच्या सँडहर्स्टमध्ये शिकून १९२६ साली कमिशन मिळालं. त्या काळी असे हिंदी अधिकारी बोटावर मोजण्याइतके. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात आराकानच्या किनाऱ्यावर कांगॉची लढाई झाली. तिथं ५१ व्या ब्रिगेडच्या तीन पलटणींचे कमांडर हिंदी होते: थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन. समोर जपानी. तिघांनाही डीएसओ मिळालं. ही तीन नावं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहेत.

१९५३ मध्ये कोरियात युद्धकैदी सांभाळायला भारतानं फौज पाठवली, तिचे प्रमुख थोरात. मायदेशी परत जायला तयार नसलेले बावीस हजारांवर कैदी, त्यात बरेच चिनी. त्यांनी एकदा आपला एक अधिकारी पकडून ठेवला. थोरात स्वतः त्या कुंपणाच्या आत गेले, त्यांच्याशी बोलत बसले आणि गोळी न झाडता आपला माणूस सोडवून आणला. म्हणजे माणूस नुसता तलवारबहाद्दर नव्हता. डोकं शांत ठेवून काम करणारा होता.

आता मुद्द्यावर येतो.

१९५७ मध्ये थोरात ईस्टर्न कमांडचे प्रमुख झाले. मुख्यालय तेव्हा लखनौला. त्याच वर्षी थिमय्या लष्करप्रमुख झाले आणि कृष्ण मेनन संरक्षणमंत्री. नेफा, म्हणजे आजचा अरुणाचल, तोवर प्रामुख्यानं आसाम रायफल्सच्या भरवशावर होता. ऑगस्ट १९५९ मध्ये लोंगजूला चिन्यांनी आपल्या चौकीवर हल्ला केला आणि चित्र पालटलं. तिथल्या सीमेची जबाबदारी फौजेकडं आली, म्हणजे थोरातांकडं.

नेमक्या त्याच आठवड्यात दिल्लीत काय चाललं होतं? ३१ ऑगस्ट १९५९ ला थिमय्यांनी राजीनामा दिला. मेननशी पटत नव्हतं. बढत्यांमध्ये मंत्री हात घालतात ही मोठी तक्रार, आणि त्यात बी. एम. कौल यांचं नाव पुढं होतं. नेहरूंनी समजूत घातली, थिमय्यांनी राजीनामा मागं घेतला. दुसऱ्या दिवशी बातमी फुटली. २ सप्टेंबरला नेहरू लोकसभेत उभे राहिले, मुलकी सत्ताच श्रेष्ठ आहे हे ठासून सांगितलं आणि कुरबुरी किरकोळ असल्याचं म्हणाले. तत्त्व शंभर टक्के बरोबर होतं. पण ज्या माणसाला राजीनामा मागं घ्यायला लावला, त्यालाच चारचौघांत खाली बघायला लावलं. त्यानंतर थिमय्यांच्या शब्दाला दिल्लीत वजन राहिलं नाही.

नेहरूंची बाजूही सांगितली पाहिजे. ऑक्टोबर १९५८ मध्ये, म्हणजे वर्षही झालं नव्हतं, शेजारी पाकिस्तानात अयुबखानानं सत्ता घेतली होती. नवीन देश, गरीब देश. लोकप्रिय सेनापतीची भीती वाटणं अगदीच वेडेपणाचं नव्हतं. आज आपण ज्या शांतपणे मतदान करतो, त्यात या भीतीचाही वाटा आहे.

पण भीती कुठं थांबवायची, हे कळायला हवं होतं.

थोरातांनी दिल्लीतल्या या भांडणात न पडता आपलं काम केलं. ८ ऑक्टोबर १९५९ ला त्यांनी नेफाच्या संरक्षणावर एक कागद लिहून लष्करी मुख्यालयाला पाठवला. साध्या भाषेत सांगायचं तर मुद्दे असे. चीन हल्ला करू शकतो. सीमेवर फक्त चौक्या ठेवा, त्यांचं काम शत्रू आला हे कळवणं आणि थोडा उशीर करणं. खरी लढाई सीमारेषेवर करू नका, कारण तिथवर आपला रस्ता पोचत नाही आणि चिन्यांचा पोचतो. बोमडिलासारख्या मागच्या ठिकाणी पाय रोवा. तिथवर यायला शत्रूची रसद ताणली जाईल आणि आपली जवळ असेल. आणि यासाठी एवढी फौज, एवढे रस्ते, एवढी सामग्री लागेल.

कागद पाठवून ते स्वस्थ बसले नाहीत. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ नावाचा सराव घेतला. चीन आला तर काय होईल आणि आपल्याकडं जे आहे त्यात काय होईल, हे वरिष्ठ अधिकाऱ्यांसमोर मांडून दाखवलं.

हा कागद थिमय्यांना पटला, त्यांनी तो मेननपुढं नेला. मेनननी तो झटकून टाकला. थोरातांनी ‘फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट’ या आत्मचरित्रात हे लिहून ठेवलंय: चिनी आक्रमणाची भीती घालणारे म्हणून आपली संभावना झाली, आणि वेळ आली तर आपण मुत्सद्देगिरीनं चीनला थांबवू असा मंत्र्यांचा भरवसा होता.

मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. आपल्यानंतर थोरात यावेत असं त्यांचं मत होतं. झाले पी. एन. थापर. आपल्याकडं याची गोष्ट ‘मराठी माणसाला डावललं’ अशी फिरते. ती तशी फिरवू नका. थापर ज्येष्ठता यादीत थोरातांच्या पुढं होते, त्यांची नेमणूक नियमाला धरूनच होती. डावललं गेलं ते दुसरंच काही. थिमय्या गेले, थोरातही निवृत्त झाले, लष्करी मुख्यालयात चीफ ऑफ जनरल स्टाफच्या खुर्चीवर कौल आले, आणि तो कागद कपाटातच राहिला. माणूस डावलला गेला तर एका घराचं नुकसान. कागद डावलला गेला तर काय होतं, ते पुढं दिसलं.

नोव्हेंबर १९६१ मध्ये दिल्लीनं उलटं धोरण धरलं. पुढं सरका, चौक्या टाका. म्हणजे थोरातांनी जिथं लढू नका म्हणून सांगितलं होतं, तिथंच माणसं नेऊन बसवली. सप्टेंबर १९६२ मध्ये नामका चू नावाच्या ओढ्याकाठी एक ब्रिगेड उभी राहिली. सुती कपडे, कॅनव्हासचे बूट, मोजका दारूगोळा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कौल यांनाच तिथला कोअर कमांडर करून पाठवलं. लढाईत फौज हाताळल्याचा त्यांना फारसा अनुभव नव्हता. ते आजारी पडले, दिल्लीला आले आणि पलंगावरून हुकूम देत राहिले. २० ऑक्टोबरला चिनी आले आणि ती ब्रिगेड काही तासांत संपली. नोव्हेंबरात सेला गेला, बोमडिला गेलं.

आणि या सगळ्यात ईस्टर्न कमांडचा प्रमुख कोण? एल. पी. सेन. कांगॉच्या तिघांतले तिसरे. थोरातांचीच खुर्ची, थोरातांच्याच दप्तरातला कागद, रणांगणावरचा जुना सोबती. तरी तो कागद कामाला आला नाही. कारण हुकूम कागदावरून निघत नव्हता, दिल्लीच्या मर्जीवरून निघत होता. ‘हे जमणार नाही’ म्हणणाऱ्याचं काय होतं ते एव्हाना सगळ्या अधिकाऱ्यांनी पाहिलं होतं. सॅम माणेकशॉंसारख्या माणसावरही त्या काळात चौकशी लावली गेली होती, ते त्यातून निर्दोष सुटले. हे बघितलेला अधिकारी मंत्र्यापुढं खरं बोलेल कशाला?

आमचे आबा १९६३ च्या भरतीत फौजेत गेले. चीनच्या युद्धानंतर सरकारनं फौज झपाट्यानं वाढवली, गावोगावची पोरं गेली, त्यातले एक. मराठा लाइट इन्फंट्रीत सतरा वर्षं काढली. राजकारणावर ते कधी बोलत नसत. एकदाच म्हणाले, “हुकूम झाला की जायचं, त्याला इलाज नाही. पर हुकूम देणाऱ्यानं आधी वाट बघून आलेल्याला इचारावं का नाही?” मुलकी सत्तेची याहून सोपी व्याख्या मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. जायचं म्हणजे जायचंच. पण विचारायचं, हीसुद्धा हुकूम देणाऱ्याची ड्यूटी आहे.

आता जरा आपल्याबद्दल.

मेनन कुठून निवडून आले होते ठाऊक आहे? उत्तर मुंबईतून. १९५७ लाही आणि १९६२ लाही. एप्रिल १९६१ मध्ये आचार्य कृपलानींनी लोकसभेत मेननवर कडाडून टीका केली होती, लष्करातल्या बढत्यांचा विषय त्यात होता. म्हणजे हे काही गुपित नव्हतं. पुढच्या वर्षी तेच कृपलानी उत्तर मुंबईत मेननविरुद्ध उभे राहिले. आपल्या मतदारांनी मेननना मोठ्या फरकानं निवडून दिलं. कोल्हापूरच्या जनरलचा कागद बाजूला सारणारे मंत्री मुंबईचे खासदार होते.

मेनन निकामी माणूस होते असं मी म्हणत नाही. देशात शस्त्रं बनावीत हा त्यांचा आग्रह बरोबर होता. सैनिकी शाळांची कल्पना त्यांच्याच काळातली, देशातली पहिली सैनिकी शाळा १९६१ मध्ये साताऱ्याला निघाली. बुद्धी अफाट होती. आपण मतदार अशा तल्लख, फर्डं बोलणाऱ्या माणसावर खूश असतो. पण त्याच्या टेबलाच्या पलीकडं बसलेला माणूस खरं बोलायला धजतो का, हे आपण विचारत नाही.

युद्धानंतर नेहरूंनी थोरातांना दिल्लीला बोलावलं. तो कागद पाहिला आणि विचारलं, हा मला आधी का दाखवला नाही? थोरातांच्या आठवणीप्रमाणं, त्याचं उत्तर मेननच देऊ शकतील असं ते म्हणाले. तीन वर्षांपूर्वीचा कागद. पंतप्रधानांच्या टेबलावर तो हरल्यावर पोचला.

मेनन गेले, आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे आपण अभिमानानं सांगतो. पण सह्याद्रीनं तिथं जाऊन केलं काय? एक साधी गोष्ट सुरू केली. तिन्ही दलांचे प्रमुख आणि सचिव यांच्यासोबत सकाळची बैठक. समोरासमोर बसायचं, बोलायचं, ऐकायचं. चव्हाण काही लष्करी तज्ज्ञ नव्हते. शेवटचा शब्द त्यांचाच होता आणि तो त्यांनी कधी सोडला नाही. फक्त आधी ऐकलं.

१९७१ चंही तेच. एप्रिलमध्ये इंदिराबाईंनी विचारलं, माणेकशॉं म्हणाले, आत्ता नको, तयारी नाही, पावसाळा तोंडावर आहे. पंतप्रधानांना राग आला असेल-नसेल, पण थांबल्या. डिसेंबरात तेरा दिवसांत निकाल लागला. युद्ध करायचं की नाही हे सरकारनं ठरवलं. केव्हा आणि कशानं करायचं, यात सैनिकाचं ऐकलं.

थोरात पुढं महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९९२ मध्ये वारले. पेपरात जाऊन आरडाओरड केली नाही, पक्ष काढला नाही. हिशेब वीसेक वर्षांनी आत्मचरित्रात मांडला. थिमय्या १९६५ मध्ये सायप्रसला संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे प्रमुख असताना गेले. १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल १९६३ मध्ये तयार झाला. चव्हाणांनी संसदेत त्याचा गोषवारा सांगितला. पूर्ण अहवाल आजवर एकाही सरकारनं अधिकृतपणे खुला केलेला नाही. काँग्रेसनं नाही, भाजपनं नाही, मधल्या आघाड्यांनीही नाही. साठ वर्षांहून जास्त झाली. तेव्हाचे रस्ते, तेव्हाच्या बंदुका, यातलं आता काय गुपित उरलंय? उरलंय ते एवढंच, की कोणी सांगितलं होतं आणि कोणी ऐकलं नाही.

म्हणून ग्रुपवरच्या दोन्ही तटांना माझं सांगणं आहे. फौजेच्या हातात देश नको, हे पक्कं. वर्दीतल्या माणसानं सरकारवर जाहीर बोलू नये, हेही मान्य. पण मग बंद दाराआड त्यानं खरं बोलावं आणि बोलला म्हणून त्याचं नुकसान होऊ नये, ही हमी कुणी द्यायची? ती सरकारनं द्यायची, आणि सरकार ती देतं का हे आपण बघायचं. आपला खासदार कुठल्याही पक्षाचा असो, पुढच्या वेळी भेटला तर रस्त्या-गटारीबरोबर एक प्रश्न हाही विचारा: तो अहवाल खुला का करत नाही?

तुमच्या घरात, भावकीत कुणी त्या काळात फौजेत होतं का? त्यांनी काय सांगितलं ते खाली लिहा. ही पिढी आता संपत आलीय. त्यांचं ऐकायचंही राहून जाऊ नये.