अंगठीचे माप

माझ्या धाकट्या भावाची सोयरीक साताऱ्यात जुळली. साखरपुड्याची अंगठी मात्र सांगलीच्या सराफ कट्ट्यावर घडवायची होती. वधूला न कळवता तिच्या बोटाचे माप कसे मिळवावे, याचे नाना बेत घरात शिजू लागले.

सराफांनी समजावले, “दोरा ताणला जातो, त्यावर विसंबू नये. त्याच बोटात नीट बसणारी अंगठी आणावी, किंवा मापाच्या कड्या घालून पाहाव्यात.” आतला परीघ ५४ मिलिमीटर भरला, की आपल्याकडे तो १४ नंबर. थंडीत बोट बारीक होते, उन्हाने फुगते. म्हणून माप संध्याकाळी घ्यावे. अंगठी सांध्यावरून उतरावी, पण सैल फिरू नये. पट्टी रुंद असल्यास नंबर किंचित वाढवावा. सभोवार खडे जडवलेली अंगठी मागाहून मोठी करणे अवघड असते.

अखेर आजी म्हणाली, “जिला घालायची, तिलाच विचारा.”

भावाने विचारले. तिने नंबर सांगितला, आणि हेही सांगितले की वडिलांच्या भुसार दुकानात ती स्वतः पोती उघडते. उंच कोंदण सुतळीत अडकते, म्हणून अंगठी सपाट असावी. हे दोऱ्याने कसे कळले असते?

गिऱ्हाइकाला विचारल्यावाचून आपण कापड फाडत नाही. मग घरात येणाऱ्या लेकीला विचारण्यात संकोच कसला?