हेगच्या आधीचा पंचनामा

चि. मुक्तास,


रणांगणावर जखमी झालेल्या सैनिकांसाठी पहिला जिनिव्हा करार १८६४ साली झाला. हाती शस्त्र नसलेल्या नागरिकांसाठी स्वतंत्र करार व्हायला मात्र १९४९ साल उजाडले. मध्ये दोन महायुद्धे होऊन गेली. या चौथ्या कराराने नागरिकांना ओलीस धरणे आणि सामूहिक शिक्षा देणे निषिद्ध ठरवले.

हा कायदा न्यायालयात बोलला जातो, पण उभा राहतो चिखलात. पदवी हाती पडताच हेगच्या न्यायालयाच्या इमारतीचे फोटो धाडणाऱ्या मुलींनी आधी बोस्नियातले स्रेब्रेनित्सा वाचावे. संयुक्त राष्ट्रांनी १९९३ मध्ये ‘सुरक्षित क्षेत्र’ ठरवलेल्या या गावातले जुलै १९९५ मध्ये सुमारे ८,००० पुरुष आणि मुलगे मारले गेले. पुरावा बुजवण्यासाठी नंतर यंत्रांनी खड्डे उकरून प्रेते दुसरीकडे पुरली. तपासनीसांनी दोन्हीकडची माती, काडतुसांच्या पुंगळ्या, डोळ्यांवरच्या पट्ट्यांचे कापड जुळवले. याच्या जोडीला वाचलेल्यांच्या साक्षी होत्या, म्हणून २००१ मध्ये हेगच्या युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणात बोस्नियन सर्ब सैन्याचा जनरल क्रिस्तिच वंशसंहाराचा दोषी ठरला. अपिलात तो साहाय्यकर्ता ठरला. शिक्षा ३५ वर्षे. पुरावा म्हणजे कुठे, केव्हा, कुणासमक्ष: किल्लारीच्या भूकंपानंतरचे अप्पांचे पंचनामे ज्या घरात वाचले गेले, तिथे हे वेगळे सांगावे लागू नये. घरच्या वाड्याच्या दाव्यातही शेवटी अशी नोंदच कामी आली ना?

संस्थेगणिक कामाची रीत बदलते. संयुक्त राष्ट्रांचे मानवाधिकार अधिकारी साक्षी नोंदवून अहवाल जाहीर करतात. रेड क्रॉसचे प्रतिनिधी कैद्यांना भेटतात आणि जे दिसले ते बहुधा फक्त सत्ताधाऱ्यांच्या कानावर घालतात. बाहेर बोलले तर तुरुंगाचे दार बंद होते. त्यांना साक्षीला ओढता येणार नाही, असे युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणानेच १९९९ मध्ये ठरवले. तेव्हा ‘गप्प बसणारे भ्याड’ हे दिवाळीच्या फराळावरचे वाक्य उतावळेच होते.

आता नोकरीविषयी. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्या रोम संविधीने उभे राहिले, तिच्यात भारत सामील नाही. त्यामुळे हेगच्या या न्यायालयात केवळ भारतीय नागरिकत्व असलेल्याला न्यायाधीश होता येत नाही. बाकी नोकऱ्या पुष्कळदा मुदतीच्या कंत्राटावर असतात, आणि संयुक्त राष्ट्रांचा निळा झेंडा दरवेळी वाचवतोच असे नाही. १९ ऑगस्ट २००३ रोजी बगदादमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात स्फोट झाला. तिथले त्यांचे विशेष प्रतिनिधी सर्जिओ व्हिएरा द मेलो यांच्यासह २२ जण गेले. ताईला यातले काहीच सांगितलेले दिसत नाही. अर्ज धाडण्यापूर्वी ते सांगितले जावे, आणि फोनवर नको.

नानामामा