पार्ल्याची पहाट, सव्वातीनची!

पहाटेचे सव्वातीन. पार्ले ईस्ट गाढ झोपलंय. आत्याच्या बिल्डिंगखाली फक्त दोघं जागे, वॉचमन आणि कोपऱ्यावरचं कुत्रं. तेवढ्यात गेटपाशी पांढरी टॅक्सी येऊन थांबते. चाकांचा आवाज होऊ नये म्हणून ट्रॉली बॅग हातात उचलून एक जण जिना उतरतो. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या आणि डोळ्यांत... झोप!

हा माझा आत्येभाऊ. एका लो-कॉस्ट एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट. कंपनीचं नाव लिहायचं नाही, ही त्याची पहिली अट. ‘अगं, नोकरी आहे माझी!’

आपण पार्ल्यात येतो ते खादाडीला किंवा दीनानाथला नाटक बघायला. पण मध्यरात्रीनंतरचं पार्लं वेगळंच आहे. इथपासून सहार, चकाला, जे. बी. नगर, मरोळपर्यंतचा हा पट्टा एअरपोर्टच्या घड्याळावर चालतो. वन बीएचकेत तिघं-चौघं शेअरिंगमध्ये राहतात आणि महिना महिना एकमेकांना भेटत नाहीत. एक झोपतो तेव्हा दुसरा उडत असतो. बाल्कनीत ओळीने वाळणारे पांढरे शर्ट दिसले की समजायचं, क्रूचं घर!

या सगळ्याची सुरुवात झाली 2003 मध्ये, एअर डेक्कनपासून. मग 2005 मध्ये स्पाइसजेट आणि गोएअर, 2006 मध्ये इंडिगो. पहिल्यांदा विमानात बसलेली आपली अख्खी पिढी याच तिकिटांची देणगी. स्वस्त तिकिटाचं गणित सोपं आहे. विमान जमिनीवर उभं राहिलं की नुसता खर्च, हवेत असलं की कमाई. म्हणून उतरायचं, अर्ध्या तासात माणसं बदलायची की पुन्हा टेकऑफ. दादाचे कधीकधी दिवसाला चार सेक्टर होतात. म्हणजे चार टेकऑफ, चार लँडिंग आणि मांडीवर ठेवून खाल्लेलं जेवण.

‘आणि चार शहरं बघितलीस!’ मी म्हटलं.

‘चार शहरांचे रनवे बघितले,’ तो म्हणाला.

सुटीच्या दिवशी आम्ही जुहूला गेलो. चौपाटीवर नाही, जुहू एअरोड्रोमच्या भिंतीपाशी. आता इथून मुख्यतः हेलिकॉप्टर उडतात. पण 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे इथेच उतरले होते. एकटे, छोट्याशा पुस मॉथ विमानातून. मी भारावून बघत होते. दादा शांतपणे म्हणाला, ‘कंपनी त्यांच्या घरची होती. रोस्टर दुसऱ्या कोणी हातात ठेवलं नव्हतं!’

हसलो. पण मुद्दा तोच आहे. रोस्टर.

जानेवारी 2024 मध्ये डीजीसीएने पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम काढले. आठवड्याची सलग सुटी 36 ऐवजी 48 तास. ‘रात्र’ पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरायची. रात्रीच्या ड्यूटीत लँडिंग सहाऐवजी दोनच. कंपन्यांनी कुरकुर केली, प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं आणि अखेर जुलै आणि नोव्हेंबर 2025 अशा दोन टप्प्यांत नियम लागू झाले. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हजारो फ्लाइट रद्द! मीही त्या गर्दीत टर्मिनलच्या फरशीवर बसले होते. वैतागून दादाला फोन लावला, ‘काय रे, तुम्हा लोकांच्या झोपेपायी आमचे हाल!’

पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाला, ‘पेंगणाऱ्या माणसाच्या मागे बसून जायला आवडेल तुला?’

फोन ठेवला. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बरं, इतकी दमछाक आहे तर सोड ना नोकरी! आपण आयटीवाले, मीडियावाले तेच करतो. पण 2017 मध्ये डीजीसीएने नोटीस पीरियड ठरवला, कॅप्टनला एक वर्ष, को-पायलटला सहा महिने. वर दादाच्या डोक्यावर ट्रेनिंगचं लोन. शिवाय त्याचं रेटिंग एअरबस ए320 चं. बोइंगवाल्या कंपनीत जायचं तर पुन्हा ट्रेनिंग.

आणि कंपनीला किती दिवसांची नोटीस? गोएअरची पुढे गो फर्स्ट झाली. 2 मे 2023 ला तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि 3 मेपासून विमानं जमिनीवर! जानेवारी 2025 मध्ये कंपनी गुंडाळायचा आदेश निघाला. त्याआधी 17 एप्रिल 2019 ला जेट एअरवेज अशीच थांबली होती. तशी ती लो-कॉस्ट नव्हे, पण पगार बंद झाल्यावर असले फरक कोण बघतं? ‘मी सहा महिने आधी सांगायचं,’ दादा म्हणाला, ‘आणि मला मात्र बातम्यांतून कळणार.’

मी फ्रीलान्सर. माझी नोकरी मुळातच नाही, त्यामुळे जायचा प्रश्न नाही. पण माझं चुकलं तर शुद्धलेखन चुकतं. त्याच्या मागे 180 माणसं बसलेली असतात.

आता 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. तिथली ड्यूटी लागली तर टॅक्सी किती वाजता येणार, याचा हिशेब आत्या आत्तापासून करतेय.

टॅक्सी गेली. मी पुन्हा आडवी व्हायला निघाले, तर आत्या अंधारात मोबाइल घेऊन बसलेली. स्क्रीनवर नकाशा, त्यावर इवलंसं पिवळं विमान. रोज बघते म्हणे. उडालं की देवाला हात जोडायचे, उतरलं की चहा टाकायचा.

साडेसहाला गॅस पेटल्याचा आवाज आला. मी कूस बदलून झोपले.